खांबापासून खांबापर्यंत सरळ

८ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. नमस्कार जरा घाईचा आहे, कारण जेवणाची सुट्टी संपत आलीय आणि हातातलं पेन ट्रकच्या ड्रायव्हरचं आहे.

मी इथे खुशाल. आईच्या गुडघ्यांचं काय ते कळव. हे पत्र एवढ्यात दादाला वाचून दाखवू नकोस. हा पुन्हा कामावरून पळाला, असं तो पहिल्या ओळीतच ठरवून मोकळा होईल. पळालेलो नाही. उलट जन्मात पहिल्यांदा एका ठिकाणी टिकावंसं वाटतंय, आणि नेमकं तिथेच गाडं अडलंय.

आमच्या कारखान्यात सावल्या बनतात. हसू नकोस, खरंच. बाजार, मैदान, दवाखान्याचं अंगण, असल्या उघड्या जागांवर ताणायची मोठमोठी कापडी छतं. एका शेडमध्ये कापड शिवतात, दुसऱ्या शेडमध्ये ते पेलणाऱ्या पोलादी केबल कापतात. मी दोन्हीकडचा नाही. मी अंगणातला, म्हणजे गुंडाळ्या ट्रकवर चढव आणि ट्रकवरून उतरव. हंगाम संपला की अंगणातल्या सगळ्यांना घरी धाडतात. मग मी, दादाचं टायरचं दुकान आणि दिवसभर पंक्चर. दुकान वाईट नाही गं, पण त्या एका खोलीत माझा जीव कोंडतो. मला भोवरा म्हणायला तूच सुरुवात केलीस, तुला वेगळं काय सांगू.

तर केबल कापणारे काका आता लेकीकडे राहायला चाललेत. त्यांच्या जागी मिस्त्रींना माणूस हवाय. नकाशावरून अंतर काढता येणारा कोणीही चालेल, अंगणातलासुद्धा, असं ते म्हणाले. मी लगेच छाती काढून पुढे. त्यांनी नकाशा पसरला. सगळा चौकटीचौकटींचा कागद, त्यावर खांबांचे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी कंसात दोन आकडे. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा, आणि एक चौकट म्हणजे एक मीटर. एका खांबाचे आकडे १ आणि २, दुसऱ्याचे ४ आणि ६. या खांबापासून त्या खांबापर्यंत केबल किती लागेल, असं मिस्त्रींनी विचारलं. मी ठणकावून सांगितलं, आडवे तीन, उभे चार, झाले सात मीटर.

सगळी शेड हसली. मिस्त्री तेवढे हसले नाहीत. केबल काय तुझ्यासारखी गल्लीबोळातून वळसे घेत जाते का, असं मात्र त्यांनी विचारलं. पण वहिनी, मला खरंच तसंच दिसलं होतं. आमच्या अंगणात गुंडाळ्या डोक्याच्या वर रचलेल्या असतात. कुठूनही कुठे जायचं तर आधी आडवं चाला, मग उभं. मधून घुसायची सोयच नाही. माझ्या पायांना अंतर म्हणजे तेच ठाऊक.

उत्तर पाच आहे म्हणे. ते कसं आलं हे शिकून ये, पुढच्या महिन्यात परीक्षा घेतो, असं मिस्त्री म्हणाले. टेप लावून मोजलं तर चालणार नाही का, हेही मी विचारून बघितलं. तर खांब दुसऱ्या गावात रोवलेत, केबल इथे कापायची, टेप काय पोस्टाने पाठवतोस का, असं उत्तर मिळालं.

आपल्या घरात गणितात पास झालेली तू एकटी. मी तर सातवीतच शाळेला रामराम ठोकला. हे पाच कुठून येतात ते मला लिही, पण सोप्यात लिही. मिस्त्रींच्या बोलण्यात मध्येच 'वर्गमूळ' आलं आणि मला शाळेची भिंतच आठवली.

माझ्यावर लोभ आहेच, तो थोडे दिवस गणिताकडे वळव.

तुझा धाकटा दीर,
भोवरा


१७ फेब्रुवारी

चि. भावोजींस,
अ. उ. आ. घाईचा नमस्कार पोचला. आशीर्वाद मात्र निवांतपणे देते आहे.

तुमचं पत्र वाचून मी आधी पदर खोचला. या घरात आल्यापासून मला 'किल्ली कुठेय' आणि 'मीठ संपलं का' याच्यापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं. मग हातातलं काम टाकून स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले. एका फरशीच्या कोपऱ्यावर चमचा ठेवला. तिथून आडव्या तीन फरशा मोजल्या, मग उभ्या चार, आणि तिथे वाटी ठेवली. हे तुमचे दोन खांब. तुम्ही फरशांच्या कडेकडेने चालत गेलात, म्हणून सात. मी चमच्यापासून वाटीपर्यंत थेट दोरा ताणला आणि तोच दोरा उचलून एका सरळ रेघेवर धरला. बरोबर पाच फरशा भरला.

मला असं रांगताना पाहून आईंना वाटलं माझं कानातलं पडलं. माझं ऐकून न घेता गुडघे धरत त्यासुद्धा खाली बसल्या आणि कपाटाखाली हात घालून शोधू लागल्या. एक जुनं बटण निघालं. शेवटी नक्की हरवलंय काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, भावोजींचे दोन मीटर.

आता पाच का, ते बघा. आडव्या तीन फरशांच्या बाजूवर पूर्ण चौरस मांडला तर तीन त्रिक नऊ फरशा लागतात. उभ्या चारांवर मांडला तर चार चोक सोळा. दोन्ही मिळून पंचवीस. या पंचवीस फरशांचा एकच मोठा चौरस मांडायचा, तर त्याची एक बाजू किती फरशांची? पाच. तोच तुमचा दोरा. वर्गमूळ म्हणजे एवढंच, चौरस दिलाय, बाजू सांगा. ज्याला घाबरून तुम्ही शाळेच्या भिंतीवरून उडी मारत होतात ते इतकंसं आहे.

म्हणजे दर वेळी काय करायचं? आडव्या आकड्यांतला फरक काढायचा, उभ्या आकड्यांतला फरक काढायचा. प्रत्येकाला त्याच्या त्यानेच गुणायचं. दोन्हींची बेरीज करायची आणि त्या बेरजेच्या चौरसाची बाजू शोधायची. सोबत चौकटींचे कागद पाठवते आहे. त्यावर एका टोकाला आपलं घर आणि दुसऱ्या टोकाला तुमची खोली मांडून उसासे टाकत बसू नका. कागद सरावासाठी आहेत.

आईंचे गुडघे तसेच, पण बटण सापडल्यापासून तोंडावर हसू आहे. तुमच्या दादांनी दुकानात घालायला तुमच्या मापाचा डगला आणून खुंटीला लावलाय. हंगाम कधी संपतो ते त्यांना पाठ आहे. तुमच्या परीक्षेचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

रोज दोन उदाहरणं सोडवावीत, इतकाच माझा लोभ समजावा.

तुमची,
वहिनी


२८ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. हा नमस्कार अर्धा शाबासकी मागणारा आहे आणि अर्धा रडका. आधी शाबासकीचा घे.

तुझं पत्र आलं आणि मी वेडाच झालो. खोलीतली सगळी जमीन खडूने चौकटीत आखली. बादलीपासून दारापर्यंत, कॉटपासून खिडकीपर्यंत, जे दिसेल त्याचं अंतर काढत सुटलो. आधी आकडा काढायचा, मग टेप लावायची. टेप माझ्यासारखंच म्हणाली की अंगावर काटा यायचा. सहा आणि आठ असले की दहा येतात, हे तर मला आता झोपेतून उठवून विचार. ड्रायव्हर माझ्याच खोलीत राहतो. त्याच्या चपला खडूने पांढऱ्या झाल्या. घरात राहतोय की शाळेच्या फळ्यावर, असं तो कुरकुरतो, पण टेपचं दुसरं टोक धरतो.

आता रडका भाग. एवढं येतंय म्हटल्यावर मी काकांपुढे फुशारकी मारली. त्यांनी शांतपणे एक जुना नकाशा काढला. आमच्या नकाशेवाल्या बाई मधल्या खांबाला शून्य धरतात आणि तिथून चारी बाजूंना मोजतात. काकांनी दोन खांब दाखवले. एकाचे आकडे उणे २ आणि १, दुसऱ्याचे ६ आणि ७. मी जोरात. सहातून दोन गेले चार, सातातून एक गेला सहा. सोळा आणि छत्तीस बावन्न. बावन्नाचा चौरस काही मांडता येईना. साताने मांडला तर तीन फरशा उरतात, आठाने मांडायला पुरत नाहीत. शेवटी सव्वासात मीटर असं ठोकून दिलं.

ती केबल दहा मीटरची गेली होती. मी सव्वासात कापली असती तर ती खांबाला शिवलीच नसती. लांब केबल कापून लहान करता येते, आखूड केबल कोणाचा बाप लांब करू शकत नाही, असं काका म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते माझी कीव करत होते.

मी पेन्सिल टाकली आणि बाहेर पडलो. अंगणाला दोन चकरा मारल्या. ड्रायव्हर ट्रक सुरू करून निघतच होता आणि त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. एकदा वाटलं, चढावं आणि जाईल तिथे जावं. आजवर तेच केलंय. मग तुला हे लिहायचं राहील, म्हणून थांबलो.

उणेचं काय करायचं ते लवकर लिही. मिस्त्री वीस तारखेच्या सुमारास परीक्षा घेणार आहेत.

मी ढ आहे हे माहीत असूनही लोभ ठेवतेस, तो उणे होऊ देऊ नकोस.

तुझा,
भोवरा


८ मार्च

चि. भावोजींस,
अ. उ. आ. शाबासकी पूर्ण दिली. रडका भाग परत पाठवते आहे, तो ठेवून घेण्यासारखा नाही.

तुम्ही काय केलंत सांगू? आकड्याआधीची उणेची आडवी रेघ बघितलीत आणि कागदावर माशी बसलीय समजून झटकून टाकलीत.

स्वयंपाकघराचं दार हा तुमचा शून्याचा खांब धरा. मी दारापासून सहा पावलं आत उभी आहे. तुम्ही दारापासून दोन पावलं बाहेर उभे आहात, नेहमीसारखे, निघायच्या तयारीत. आपल्या दोघांत चार पावलं कशी असतील? तुम्ही मला गाठायला निघालात तर आधी दारापर्यंत दोन, मग आत सहा, अशी आठ पावलं चालाल. तुम्हीही आतच असता, तर सहातून दोन वजा झाले असते. दोघं एकाच बाजूला असतील तर वजाबाकी, मध्ये दार आलं की बेरीज. आता करा. आडवे आठ, उभे सहा. चौसष्ट आणि छत्तीस शंभर. शंभराच्या चौरसाची बाजू तुम्हाला झोपेतून उठवलं तरी येते, असं तुम्हीच लिहिलंय.

आता घरची बातमी, आणि ही नीट वाचा. मी फरशीवर दोरा घेऊन बसले असताना तुमचे दादा चहाला आले. माझ्या एका हातात दोरा, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि दोऱ्याचं टोक सारखं सुटत होतं. त्यांनी काही न विचारता बूट काढले, खाली बसले आणि टोक धरलं. तीन उदाहरणं होईपर्यंत धरून होते. चहा निवला. मग हे कोणासाठी चाललंय, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. भोवऱ्याचं पत्र आलं म्हणजे परत यायचं कळवलं असेल असं मला वाटलं होतं, एवढंच बोलले आणि दुकानात गेले. डगला अजून खुंटीवरच आहे.

आणखी एक. तुम्ही ढ आहात असं पुन्हा लिहू नका. तुमच्यामुळे माझं जुनं गणित मला परत भेटलं. किती वर्षं झाली होती! मी ते विसरले असं मीच धरून चालले होते. त्याबद्दल आभार मानायचे तर मीच मानायला हवेत, म्हणून इथेच मानते.

परीक्षेच्या दिवशी पोटभर जेवून जा. लोभाचं उत्तर दहाच आहे, सव्वासात नव्हे.

तुमची,
वहिनी


२१ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. आज दादालाही नमस्कार सांग, त्याने टोक धरलं म्हणून. आणि हे पत्र सगळ्यांसमोर वाच, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

परीक्षा झाली. मिस्त्रींनी दिलेला नकाशा खराच होता, दवाखान्याच्या अंगणातल्या छताचा. एका खांबाचे आकडे उणे ४ आणि उणे ३, दुसऱ्याचे ८ आणि २. मी डोळे मिटून दार आठवलं. आडवं चार बाहेर, आठ आत, बारा. उभं तीन बाहेर, दोन आत, पाच. एकशे चव्वेचाळीस आणि पंचवीस मिळून एकशे एकोणसत्तर. तेराने मांडला तर चौरस बरोबर बसतो, एकही फरशी उरत नाही. तेरा मीटर. नकाशेवाल्या बाईंनी मान डोलावली. वहिनी, मला उडी मारावीशी वाटली.

मग मिस्त्री म्हणाले, काप. मी लांब टेबलावर टेप लावली, तेरावर खूण केली, दोनदा बघितली आणि कापली. काकांनी एक टोक उचललं आणि लोखंडी कडीभोवती वळवायला घेतलं. आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

केबल खांबाला नुसती चिकटत नाही गं. दोन्ही टोकांना कडी असते. केबल त्या कडीभोवती फिरवून मागे आणायची आणि आवळून टाकायची. त्यात एकेका टोकाला अर्धा मीटर जातो. दोन्ही कड्या बसल्यावर माझी केबल बारा मीटरची झाली. चौदा कापायला हवी होती. त्या कड्यांच्या पेट्या रोज मीच उचलतो. माझ्या हातांना हे माहीत होतं. पण त्या वेळी डोक्यात तू बसली होतीस, आणि तुझ्या दोऱ्याला कड्या नव्हत्या.

याचा दोष स्वतःकडे घेशील म्हणून आधीच सांगतो, तुझं गणित तंतोतंत होतं. मी त्यात इतका रमलो की माझंच काम विसरलो.

मिस्त्रींनी कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जेवून घे म्हणाले. आज सकाळी ते दुसऱ्या गावी छत चढवायला गेलेत. परतल्यावर काय ते सांगतील. ते परत येईपर्यंत हंगामही संपेल. मी पिशवी भरून दाराशी ठेवलीय.

तरी एक सांगतो. आजवर किती कामं सोडली, वाईट एकाचंही वाटलं नाही. हे जाईल तर वाटेल. इतकं आवडणारं काहीतरी तू मला दाखवलंस, ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

लोभ होता तसाच ठेवा, सगळ्यांनीच.

तुझा,
भोवरा


२७ मार्च

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ. मला पत्र लिहिता येत नाही, तेव्हा थोडक्यात.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं. कड्यांची ओळ तिने दोनदा वाचली. आई म्हणाली पोरगं रडलं असेल. मी म्हटलं रडू दे, पण परत फिरू नको म्हणावं.

बंद पडलेली गाडी ओढायला मी दोर कापतो तेव्हा गाठींना लागणारा दोर अजूनही विसरतो. इतकी वर्षं झाली धंद्यात. मग दुसरा कापतो. गिऱ्हाईक हसतं, आपणही हसायचं. ही काय घरी यायची कारणं आहेत?

मिस्त्री परतले की तू स्वतः त्यांच्यापुढे जा. ते बोलवायची वाट बघू नकोस. एकदा विचार, पुन्हा कापू का म्हणून. नाही म्हणाले तर ये, तुझं ताट कुठे गेलेलं नाही. पण विचारल्याशिवाय आलास तर मी दार उघडणार नाही. उघडेन, पण बोलणार नाही.

तो डगला आता मीच घालतो. बगलेत घट्ट होतो.

आमचा लोभ आहे, दाखवता येत नाही एवढंच.

तुझा,
दादा


६ एप्रिल

ती. सौ. वहिनी, ती. दादा आणि ती. आई, तिघांनाही,
सा. न. वि. वि. आज नमस्कार वाटून घेऊ नका, प्रत्येकाला अख्खा आहे.

दादाचं पत्र आणि मिस्त्री एकाच दिवशी पोचले. पत्र वाचलं आणि तडक केबलच्या शेडमध्ये गेलो. मिस्त्री चहा पीत होते. मी म्हटलं, पुन्हा कापू का. त्यांनी विचारलं की इतके दिवस काय झोपा काढत होतास, केबल तशीच पडलीय. मग अंगणातले, काका, नकाशेवाल्या बाई, सगळ्यांच्या देखत म्हणाले की आकडा चुकणाऱ्याला मी काय शिकवणार, मलाच तो बाईंना विचारून घ्यावा लागतो. पण कडी विसरणारे मी आजवर पुष्कळ सरळ केलेत, आणि त्यातला पहिला हा, असं म्हणून काकांच्या पाठीवर थाप मारली. काका लाजले.

मी चौदा कापली. कड्या काकांनी माझ्याच हातून बसवून घेतल्या. पिशवी रिकामी केली. जागा मला मिळाली, वहिनी.

तुला कोणी शिकवलं असं मिस्त्रींनी विचारलं. मी सांगितलं, वहिनीने, स्वयंपाकघरातल्या फरशीवर. त्यांना ती थट्टा वाटली. मग तुझी पत्रं दाखवली. त्यांनी चमचा-वाटी वाचलं, आईचं बटण वाचलं, हसता हसता चष्मा पुसला, आणि तुला नमस्कार कळवायला सांगितलाय. तो यात धर. आईला सांग, तू कपाटाखाली हात घातलास तेव्हाच माझे दोन मीटर सापडले होते. दादा, तुला काय लिहू? तू एकदाच पत्र लिहिलंस आणि ते वेळेवर पोचलं. नसतं पोचलं तर मी त्या दिवशी ट्रकमध्ये असतो. माझी तिघांनीही इतकी काळजी केलीत, मी कधी साधं तोंडाने काही म्हटलं नाही. आता कागदावर म्हणतो. मी तुमचा फार ऋणी आहे.

काल छत चढवायला मलाही नेलं. दवाखान्याचं अंगण पांढऱ्या दगडाचं आहे, उन्हात डोळे दिपतात. भिंतीलगत सावलीची एक पट्टी असते, तिच्यात लोक एकमेकांना चिकटून उभे होते. आम्ही एकेक केबल वर नेली. माझी शेवटची. एक कडी त्या खांबाला अडकवली, दुसरी या खांबाला, आणि मिस्त्रींनी ताणायचा स्क्रू माझ्या हातात दिला. मी फिरवत गेलो. केबल हळूहळू पोट आत घेत गेली, आणि मग एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरळ झाली. कुठेही वळसा नाही. मिस्त्रींनी खालून काठीने टिचकी मारली तर तारेसारखी वाजली.

कापड पसरलं आणि सगळं अंगण सावलीत गेलं. भिंतीपाशी उभी असलेली एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन मधोमध येऊन बसली. तिच्यामागून एक म्हातारे गृहस्थ आले, मग बाकीचे आले. कोणी चप्पल काढली, कोणी डबा उघडला, दोघी जणी आपसात भांडायलाही लागल्या. वर कोणीसुद्धा बघितलं नाही. मी शिडीवर उभा राहून ते बघत होतो, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मिस्त्रींना दोनदा हाक मारावी लागली.

तुमचा लोभ माझ्यापर्यंत सरळ पोचतो. तो असाच राहू द्या.

तुमचा,
भोवरा